थकबाकीदार नाना

नाना एका सहकारी बँकेतून वसुली अधिकारी म्हणून निवृत्त झाले. कर्जदाराच्या मुलीच्या साखरपुड्यात पेढा खाऊन, तोंड पुसून, तिथेच नोटीस बजावलेला हा माणूस. पण मोबाइलवर ‘सात दिवस मोफत’ दिसलं की त्यांच्यातला वसुली अधिकारी रजेवर जातो.

असे नाना हल्ली प्रत्येक इमारतीत आहेत. कोथिंबिरीबरोबर कढीपत्ता फुकट उपटल्याशिवाय जिना न चढणारे. यांचा हिशेब पक्का : सहा दिवस वापरायचं, सातव्या दिवशी अ‍ॅप उडवायचं. योगासनांचं एक, कुंडलीचं एक, फोटोतले केस काळे करणारं एक. (हे शेवटचं नानींना माहीत नाही.) अ‍ॅप फोनातून जातं, वर्गणी जात नाही. ती बंद करायची जागा वेगळी, आणि तिथवर नाना कधी गेलेच नाहीत. पहिल्या दिवशी एका रुपयाच्या ‘पडताळणी’साठी यूपीआय पिन मात्र त्यांनी स्वतःच्या बोटाने दाबला होता. ऑटोपेची संमती त्यातच गेली.

पासबुक भरून घेतल्यावर दरमहा कापलेले पैसे दिसले आणि नाना बँकेत गरजले, “नोटीस न देता वसुली? आमच्या वेळी निलंबित झालो असतो!”

काउंटरवरच्या मुलीने त्यांचाच मोबाइल मागितला. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कळवायचं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. संदेश दरमहा येत होता, प्लॉटच्या जाहिराती आणि ‘आपले कर्ज मंजूर’ यांच्या मधोमध. एकदा संमती दिली की १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपीसुद्धा लागत नाही, हेही तिने सांगितलं.

नाना क्षणभर गप्प. मग म्हणाले, “वसुली चांगली आहे हो यांची.” एका कारागिराने दुसऱ्याला दिलेली ती दाद होती.

घरी येऊन त्यांनी ते खातंच रिकामं केलं. आता कापा म्हणावं काय कापायचं ते! पुढच्याच महिन्यात फोनवर झळकलं : १४९ रुपये थकीत, ते भरेपर्यंत नवी खरेदी बंद. आयुष्यभर दुसऱ्यांना लावलेलं विशेषण स्वतःला चिकटलेलं पाहून नानांनी फुलस्केपवर खरमरीत खुलासा लिहिला. पाठवायचा कुठे? या सावकाराला दारच नाही, पूर्वी वसुलीला लावायचे तशी स्कूटर लावणार कुणाच्या? २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डिजिटल लबाड्यांचे तेरा प्रकार जाहीर केले, त्यात वर्गणीचा सापळाही आहे. ते कात्रण नानांनी खुलाशाला टाचून ठेवलंय.

शेवटी नातवाने १४९ रुपये भरले आणि वर्गण्या एकेक करून रद्द करायला घेतल्या. कुंडली गेली, केस गेले. योगासनांच्या अ‍ॅपने मात्र ‘रद्द’ दाबताच विचारलं : जाऊ नका, तीन महिने निम्म्या दरात?

नानांनी चष्मा वर केला.

“थांब, दाबू नकोस. अजून उतरतायत का बघू.”