कडूपणाचे मानकरी

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराला दोन गोष्टी मनापासून जमतात. बिअर बनवणं आणि ऐन मोक्याच्या सामन्यात हरणं. पैकी बिअरचा कारभार बराचसा परक्यांच्या हाती गेला. हरणं मात्र अजून अस्सल स्थानिक आहे, आणि गावाला त्याचा इतका अभिमान आहे की जिंकणाऱ्या शहरांनी तोंडात बोट घालावं.

संघाचं नाव मिलवॉकी ब्रूअर्स. म्हणजे उघड उघड बिअरवाल्यांचा संघ, आडपडदा नाही. 1970 पासून हे लोक बेसबॉल खेळताहेत आणि वर्ल्ड सीरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिका, एकदाही जिंकलेले नाहीत. गावानं ती एकदा जिंकली होती, 1957 साली. पण तो संघ ब्रेव्हज, आणि 1965 चा हंगाम आटोपून त्यानं बिऱ्हाड अटलांटाला हलवलं. मग सिएटलचा एक संघ एकाच हंगामात दिवाळखोरीत निघाला. बड सेलिग नावाच्या मोटारींच्या व्यापाऱ्यानं तो कोर्टातून विकत घेतला, तेव्हा नवा हंगाम सुरू व्हायला जेमतेम आठवडा होता. नवे कपडे शिवायला वेळ कुठला? सिएटलच्या सदऱ्यांवरचं नाव उसवलं आणि तिथे ‘ब्रूअर्स’ शिवलं. गावाचा मानबिंदू तो हाच. उसवलेला.

पहिल्या वर्षी मैदानं ओस पडायची. तेव्हा 69 वर्षांचे एक गृहस्थ धावफलकाच्या माथ्यावर जाऊन बसले. चाळीस हजार प्रेक्षक आल्याशिवाय उतरणार नाही, असा पण. चाळीस दिवसांनी, ऑगस्टमध्ये गर्दी जमली, आणि हे गृहस्थ आनंदाच्या भरात दोरावरून घसरत खाली आले. हातपाय चांगलेच सोलवटले. निष्ठा दाखवायची आणि सोलून निघायचं, ही परंपरा तेव्हापासूनची.

या गृहस्थांवरूनच पुढे बर्नी ब्रूअर नावाचं मिशाळ सोंग निघालं. जुन्या काउंटी स्टेडियमवर आपल्या संघाचा होमरन, म्हणजे बेसबॉलचा षटकार, झाला की बर्नी त्याच्या लाकडी घरातून घसरगुंडीवरून सुटायचा आणि थेट बिअरच्या भल्याथोरल्या मगात पडायचा. 2001 साली नवं मैदान झालं. घसरगुंडी राहिली, मग गेला. जुनं घर मिळालं लेकफ्रंट ब्रूअरीला. नदीकाठच्या जुन्या वीजघरात थाटलेली ही ब्रूअरी दोन भावांनी 1987 साली सुरू केली. संघाचा देव्हारा आता तिच्या हॉलमध्ये आहे आणि भक्त त्याच्याखाली लांबलचक टेबलांवर बसून पितात.

त्या टेबलांवर कान द्यावा.

क्राफ्ट बिअर पिणाऱ्या माणसाला ‘एक बिअर द्या’ म्हणणं कमीपणाचं वाटतं. तो आधी कडूपणाचा आकडा विचारतो. खरंच आकडा असतो, आयबीयू म्हणतात त्याला. साध्या लागरचा दहाच्या आसपास, आयपीए नावाच्या कडू प्रकाराचा साठ-सत्तरपर्यंत. शंभराच्या पुढचं जिभेला फारसं कळत नाही, तरी तसल्या बिअर निघतात आणि लोक डोळे मिटून ‘वा’ म्हणतात. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा, पण ‘वा’. जितकं कडू तितका जाणकार.

आता याच माणसाला त्याच्या संघाबद्दल विचारा. तो जिंकलेल्या सामन्यांबद्दल बोलतच नाही. तो आपला कडूपणाचा आकडा सांगतो.

“माझं 1982,” असं म्हणून पांढऱ्या दाढीचे एक काका ग्लास खाली ठेवतात. टेबल गप्प होतं. 1982 म्हणजे खानदानी. ब्रूअर्सची आजवरची एकमेव वर्ल्ड सीरीज, समोर सेंट लुईस कार्डिनल्स. ब्रूअर्स तीन-दोननं पुढे होते. सातव्या सामन्यातही सहाव्या इनिंगपर्यंत तीन-एकनं पुढे. हरले सहा-तीननं. वर मीठ असं की कार्डिनल्सचे मालक म्हणजे बडवायझरवाली कंपनी. मिलवॉकीला बेसबॉलमध्ये हरवलं तेही बिअरवाल्यांनीच, आणि दुसऱ्या गावच्या.

त्यानंतर 26 वर्षं संघ बाद फेरीतही पोहोचला नाही. म्हणून मधल्या पिढीला सांगण्यासारखा पराभवच नाही. ते बिचारे टेबलाच्या कोपऱ्यात बसतात.

मग 2011 वाले. पुन्हा सेंट लुईसच. मग 2018 वाले, सातव्या सामन्यात लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडून. आणि 2024 वाले, ज्यांचा तोरा सध्या जास्त आहे. निर्णायक सामना, नववी म्हणजे शेवटची इनिंग, दोन-शून्यनं पुढे, चेंडू आपल्या सर्वांत भरवशाच्या पिचरच्या हातात, दोन गडी टिपले की काम फत्ते. न्यूयॉर्क मेट्सच्या पीट अलोन्सोनं तीन धावांचा होमरन मारला. संपलं. हे ऐकताना काका डोळे बारीक करतात. “हं. चांगलंय,” म्हणतात. जुन्या पिणाऱ्यानं नव्या आयपीएला द्यावी तेवढीच दाद.

काका आणि त्यांच्या पंथाला राग येतो तो ‘हेझी’ आयपीएचा. गढूळ, संत्र्या-आंब्याच्या चवीची, कडूपणा नावालाच. तरुण पोरं तीच मागवतात. ज्यांनी आयुष्यात नीट पराभव पाहिला नाही त्यांना गोडच लागणार, असं काकांचं मत.

बिअर आणि बेसबॉलचं लफडं तसं जुनं आहे. 1880 साली नॅशनल लीगनं सिनसिनाटीच्या संघाला हाकलून दिलं, कारण मैदानावर बिअर विकतात आणि रविवारी मैदान भाड्यानं देतात. सभ्य लोकांची लीग होती ती. मग 1882 साली बिअरवाल्यांनी आणि गुत्तेवाल्यांनी मिळून दुसरी लीग काढली. तिकीट निम्मं, रविवारी सामने, आणि बिअर. सभ्य लोक तिला ‘बिअर आणि व्हिस्की लीग’ म्हणून हिणवायचे. दहा वर्षांत दोन्हींचं लग्न लागलं. सभ्यतेनं बिअर आणि रविवार दोन्ही पदरात घेतले.

सेंट लुईसच्या बडवायझरवाल्या बुश शेटजींची गोष्ट तर आपल्याकडच्या जाहिरात खात्यांनी अभ्यासाला लावावी. 1953 साली त्यांनी संघ घेतला आणि मैदानाला बडवायझरचं नाव द्यायचं ठरवलं. वरिष्ठांनी नाक मुरडलं. मद्याचं नाव मैदानाला? छे. शेटजी म्हणाले, बरं, मग आमच्या घराण्याचं देतो. झालं ‘बुश स्टेडियम’. दोन वर्षांत कंपनीनं नवी बिअर बाजारात आणली, तिचं नाव बुश. आपण मात्र अजून सोड्याच्या बाटल्या आणि म्युझिक सीडीच्या जाहिरातींवर अडलोय. बंगळुरूच्या आयपीएल संघाचं नाव कुठल्या व्हिस्कीवरून पडलं हे शेंबडं पोरही सांगेल, पण टीव्हीवर दाखवायचं ते पाणी. आणि महाराष्ट्रात कायद्यानं प्यायला परवाना लागतो, तो 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली. दारू पिण्याची परवानगी दारूबंदी कायदा देतो, हे कुठल्याही अमेरिकन माणसाला समजावून दाखवावं. याच कायद्याच्या राज्यात, पुण्यात, 2009 साली ‘डुलाली’नं क्राफ्ट बिअर सुरू केली. परवान्याचा कडूपणा आकड्यात मोजत नाहीत म्हणून, नाहीतर शंभर सहज भरला असता.

अमेरिकेलाही या बाबतीत फार मिरवायचं कारण नाही. घरच्या घरी बिअर बनवायला केंद्राची मोकळीक मिळाली ती 1978 साली, अध्यक्ष कार्टर यांच्या सहीनं. तोवर सगळी बिअर मूठभर बड्या कंपन्यांची, आणि चव अशी की बिअर आणि पाणी यांच्यात वाद व्हावा. घरच्या पातेल्यांतून जी पोरं शिकली त्यांनीच पुढे छोट्या ब्रूअरी काढल्या. आज देशभरात त्या नऊ हजारांच्या वर आहेत, आणि प्रत्येकीत एक दाढीवाला तुम्हाला हॉप्स नावाच्या कडू फुलांची कुंडली सांगतो.

मिलवॉकीत मात्र बड्या कंपन्या म्हणजे परके नव्हते, त्या घरच्याच होत्या. श्लिट्झनं इथला कारखाना 1981 साली बंद केला. पाब्स्टनं 1996 साली. मिलर 2002 साली दक्षिण आफ्रिकेच्या कंपनीकडे गेली, पुढे मोल्सन कूर्सकडे. या मोल्सन कूर्सनं आपलं उत्तर अमेरिकेचं मुख्यालय हलवलं शिकागोला. दीड तासावरचं शिकागो म्हणजे कब्ज संघाचं गाव, म्हणजे हाडवैर. त्याच शिकागोला 2023 साली ब्रूअर्सचे प्रशिक्षक क्रेग काउन्सेल निघून गेले. मिलवॉकीच्या उपनगरात वाढलेला मुलगा, याच संघातून खेळलेला, आणि कब्जकडे! कब्जना घेऊन परत आले तेव्हा लोकांनी घसा बसेपर्यंत हुर्यो उडवली. बिअर गेली तेव्हा इतका आरडाओरडा झाला नव्हता.

मैदानाचं नावही गेलं. वीस वर्षं ते ‘मिलर पार्क’ होतं. 2021 पासून त्यावर एका विमा कंपनीची पाटी आहे. आधी बिअर, मग विमा. क्रम अगदी वैद्यकीय आहे.

धंदा मात्र चोख. 2023 साली बेसबॉलमध्ये पिचरच्या मागे घड्याळ लावलं आणि सरासरी सामना चोवीसेक मिनिटांनी आटोपशीर झाला. प्रेक्षक खूश. विक्रेत्यांच्या पोटात गोळा, कारण सातव्या इनिंगनंतर बिअर बंद असा रिवाज. मग ब्रूअर्ससकट काही संघांनी विक्री आठव्या इनिंगपर्यंत वाढवली. गाडी चालवत घरी जाणाऱ्यांना उतरायला वेळ मिळावा म्हणून तो रिवाज होता. सामना लवकर संपतो म्हणून बिअर उशिरापर्यंत, हे गणित ज्यानं मांडलं त्याला राज्याच्या अर्थखात्यात घ्यावं.

आठवणींचा मामला याहून बेभरवशाचा. 1987 चा ईस्टरचा रविवार घ्या. हंगामाचे पहिले अकरा सामने ब्रूअर्स जिंकलेले. बारावा टेक्सासविरुद्ध, चार-एकनं मागे, शेवटची इनिंग. रॉब डीअरच्या होमरननं बरोबरी, डेल स्वेमच्या होमरननं विजय. त्या दिवशी मैदान जवळपास अर्धं रिकामं होतं. पण मिलवॉकीत साठीच्या वरचा माणूस दाखवा जो ‘मी तिथे होतो’ म्हणत नाही. आपल्याकडे सवाई गंधर्वच्या मंडपात भीमसेनजींच्या त्या विशिष्ट पहाटे जेवढे पुणेकर हजर होते, साधारण तेवढेच. टेबलावर एखादा म्हणतो की तो सासरी जेवायला गेला होता, रेडिओ हळू लावून ऐकलं. त्याच्यावर विश्वास ठेवावा. बाकीच्यांना फक्त बिअर पाजावी.

रेडिओ म्हणजे बॉब यूकर. मिलवॉकीचाच मुलगा, सहा हंगाम खेळला, फलंदाजीची सरासरी .200, म्हणजे खेळाडू म्हणून कडूच. पण 1971 पासून पुढची पन्नासेक वर्षं ब्रूअर्सची कॉमेंट्री त्यानं केली आणि स्वतःच्या खेळावरच सगळ्यात जास्त विनोद केले. मैदानाच्या अगदी वरच्या मजल्यावर, शेवटच्या ओळीत, जिथून खांबामुळे अर्धा खेळ दिसत नाही, तिथे त्याचा बसलेला पुतळा आहे. मान मिळालेल्या माणसाला इतकी वाईट सीट कुणी दिली नसेल, आणि ती त्याला शोभते. अलोन्सोचा तो होमरन झाला त्या सामन्याची कॉमेंट्री त्यानं केली, ती शेवटची. जानेवारी 2025 मध्ये तो गेला. टेबलावर त्याचं नाव निघालं की आकड्यांची चढाओढ थांबते. दोन मिनिटं. मग पुन्हा सुरू.

आणि आता पोरांकडे 2025 आलंय.

काय हंगाम होता! 97 विजय, सगळ्या लीगमध्ये सर्वांत जास्त. ऑगस्टमध्ये सलग चौदा विजय, संघाचा विक्रम. बारा सलग जिंकलात तर फुकट बर्गर, असं जॉर्ज वेब नावाची स्थानिक खानावळ वर्षानुवर्षं सांगत आलीय. तो वायदा तिसऱ्यांदा पाळावा लागला. बाद फेरीत कब्जना घरी पाठवलं, काउन्सेलसकट. पुढे डॉजर्स, ज्यांना हंगामात सहापैकी सहा वेळा धूळ चारली होती.

डॉजर्सनी चार-शून्यनं उडवलं. चार सामन्यांत ब्रूअर्सच्या धावा चार, रोजची एक, पथ्यावर असल्यासारखी. शेवटच्या सामन्यात शोहेई ओतानीनं पिचर म्हणून दहा जण बाद केले आणि तोच बॅट घेऊन तीन होमरन मारून गेला. बाकीच्या आठ जणांनी बसून बघितलं असतं तरी चाललं असतं.

त्यामुळे टेबलावरचं सगळ्यात धाकटं पोर, पुढ्यात गढूळ हेझी, छाती काढून म्हणतं, “माझं 2025. धरा आता मलाही.”

काका दाढी कुरवाळतात. 2018 वाल्यांकडे बघतात, ते मान हलवतात. 2024 वाला तर हसतोच.

“चार-शून्य?” काका म्हणतात. “अरे, त्यात आशा कुठे होती? दुसऱ्या सामन्यानंतर सगळ्यांनी टीव्ही बंद केले. कडू व्हायला सातवा सामना लागतो, निदान नववी इनिंग तरी. हे नुसतंच वाईट झालं, कडू नाही.”

“पण हंगामात सहा-शून्य होतो ना आपण!”

“त्याचे अर्धे गुण देऊ,” काका म्हणतात. “पुढच्या वर्षी बघू. तोवर तू तुझा संत्र्याचा रस पी.”