ट्रॉलीमागचं ॲव्हरेज

खर्ड्याहून जामखेडला जाताना उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक न करणारा माणूस दिसला, तर तो पेंगलाय किंवा नवशिका आहे असं समजू नका. त्याने हायब्रिड घेतली आहे.

समोरचा रस्ता मोकळा असतो. मागून दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवून वाजवून निघून जातो. एका दुचाकीवरचे तिघं जाताना तिघंही वळून बघतात. आणि हा भला माणूस फेब्रुवारीतल्या टळटळीत दुपारी, काचा वर, एसी बंद, सदरा पाठीला चिकटलेला, अशा थाटात डबल ट्रॉलीच्या मागे ताशी वीसने चाललेला असतो. ट्रॅक्टरवरचा भोंगा कोकलतोय, मोळ्यांचं पाचट काचेवर येऊन पडतंय, आणि याच्या तोंडावर काकड आरतीहून परतल्याचं समाधान. नजर रस्त्यावर नसते, स्टिअरिंगमागच्या पडद्यावर असते. तिथे 21.3 चं नुकतंच 21.4 झालेलं असतं.

आमच्याकडे यांना आप्पा म्हणतात. तुमच्याकडे दुसरं काही म्हणत असतील.

आप्पांनी गाडी आणली तेव्हा पेढे खाताना गावाने एकच प्रश्न विचारला, "किती देती?" किंमत कोणी विचारली नाही, एअरबॅगा कोणी मोजल्या नाहीत, ब्रेक लागतात का याची चौकशीही झाली नाही. "किती देती?" आप्पांनी शोरूममधून पाठ करून आणलेला आकडा सांगितला: पंचवीसच्या वर, आणि पॉइंटच्या पुढे आणखी दोन आकडे. त्या दोन आकड्यांनी सगळा घोळ केला. नुसतं "पंचवीस-सव्वीस देते" म्हटलं असतं तर ती थाप आहे हे गावाला कळलं असतं. पॉइंटच्या पुढे दोन घरं दिसली की माणूस गप्प होतो. एवढं बारीक मोजलंय म्हणजे खरंच असणार! जमिनीची मोजणी करायला आलेला माणूस इंचाच्या गोष्टी करू लागला की आपण बांध सोडतो, तो याच भीतीने.

पहिल्या टाकीला आडव्या रस्त्यांवर पडले अठरा. आप्पा दोन दिवस जेवले नाहीत.

तेव्हापासून ट्रॉली. आप्पांचं शास्त्र चुकीचं नाही, हीच यातली पंचाईत. हायब्रिड हळू चालते तेव्हा बराच वेळ मोटर ओढते आणि इंजिन गप्प बसतं. ब्रेक दाबला की तीच मोटर उलटं काम करून थोडी वीज बॅटरीत घालते. म्हणून ही गाडी पुण्याच्या कोंडीत खूश असते, आणि हायवेवर शंभरने पळवली की तिचं कौतुक संपतं, कारण तिथे वारा कापायचं काम शेवटी पेट्रोलच करतं. पण खर्ड्यात कोंडी आणायची कुठून? बाजारादिवशी थोडीफार होते, तीही एखादी म्हैस बाजूला घेतली की सुटते. राहता राहिली उसाची ट्रॉली. ती वीसच्या पुढे जात नाही, रस्ता सोडत नाही आणि फुकट आहे. कारखान्याचा बॉयलर पेटायची वाट आता ऊसवाल्यांपेक्षा आप्पाच जास्त बघतात. नाक्यावर गाडी लावून उभे राहतात. "काय आप्पा, कोणाची वाट बघताय?" म्हणून विचारलं तर सांगतात, "ट्रॉली येऊ द्या, मग निघतो." लग्नाचा मुहूर्त टळला तरी चालेल, ट्रॉली चुकता कामा नये. गतिरोधकांवरही त्यांचा जीव जडलाय. पंचक्रोशीत गतिरोधक वाढवून मिळावेत असा अर्ज करणारा हा पहिला नागरिक. ब्रेक दाबून परत मिळते ती खर्च झालेल्या ताकदीतली थोडीच, बाकीची वाटेत गळते, हे त्यांना सांगून पाहिलं. "थोडी तर थोडी," म्हणाले, "फुकट कोण देतंय?"

इथवर हसायला हरकत नाही. पण रात्री आठनंतर त्याच रस्त्याने जाऊन बघा. तीच डबल ट्रॉली, तोच उसाचा डोंगर, आणि मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. समोरच्या गाडीचा अप्पर डोळ्यात गेला की पुढे ऊस आहे हे बॉनेट आत घुसल्यावर कळतं. दर हंगामाला कुठल्या ना कुठल्या तालुक्यात दुचाकीवरची पोरं अशी जातात, पेपरात चार ओळी येतात, पुढच्या हंगामात पुन्हा त्याच ट्रॉल्या तशाच काळ्याठिक्कर. गाडी लिटरला किती देते हे आपण पॉइंटच्या पुढे दोन घरांपर्यंत छापतो, आणि ट्रॉलीच्या ढुंगणाला चार पैशांची लाल पट्टी चिकटवायला कोणाला सवड नाही. असो. आप्पा रात्री गाडी काढत नाहीत. हेडलाइटने ॲव्हरेज पडतं.

आता शोरूममधला तो आकडा येतो कुठून ते बघा. गाडी रस्त्यावर नेतच नाहीत. प्रयोगशाळेत रुळांवर उभी करतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. ठरवून दिलेल्या तक्त्याप्रमाणे वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं. सगळा खेळ वीस मिनिटांच्या आत आटोपतो, अंतर अकरा किलोमीटरही भरत नाही, वेग नव्वदच्या पुढे जात नाही. एसी बंद. मागच्या सीटवर कोणी नाही, डिकीत गव्हाचं पोतं नाही, खिडकीतून तोंड काढून उलटी करणारं पोरगं नाही. आणि किती पेट्रोल लागलं हे टाकीत बघून ठरवत नाहीत. नळीतून निघालेल्या धुरातला कार्बन मोजतात आणि त्यावरून पेट्रोलचा हिशेब मांडतात. तपासणीच्या दिवशीची शाळा आठवा: पोरं अंघोळ करून आलेली, फळा पुसलेला, गुरुजी हजर. त्या दिवशीचं सगळं खरंच असतं, फक्त त्या दिवसापुरतं असतं. कंपनी खोटं बोलत नाही. तिने सांगितलेल्या परिस्थितीत गाडी तेवढं देते. त्या परिस्थितीत खर्डा नाही, एवढंच.

समजूतदार माणूस यावरून म्हणेल, चाचणीत एसी लावा, माणसं बसवा, चढ घाला. अमेरिकेत 2008 च्या मॉडेलांपासून तसं केलंही: एसी, थंडी आणि जोरात पळवणं हिशेबात धरलं, तसे छापील आकडे खाली आले, आणि सगळ्यात जास्त घसरले ते हायब्रिडचेच. युरोपने तर 2021 पासून नव्या गाड्यांत किती इंधन जळलं याची नोंद ठेवणारं यंत्रच बसवायला लावलं. नोंदी जमा झाल्यावर दिसलं की प्लग लावून चार्ज करायच्या हायब्रिड कागदावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट धूर सोडतात, कारण लोक धरल्याइतका प्लग लावतच नाहीत. तिकडची माणसंही आपल्यासारखीच, हे वाचून बरं वाटलं.

पण आप्पा समजूतदार नाहीत, जिद्दी आहेत. चाचणी खर्ड्यात येत नसेल, तर खर्ड्याची प्रयोगशाळा करायची, असं त्यांनी ठरवलंय. सुरुवात एसीपासून झाली. पडद्यावर बावीस दिसले तर एसी, नाहीतर काच. मग काच उघडली की वारा अडतो आणि ॲव्हरेज पडतं असं कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी ऐकलं, तेव्हापासून काचही बंद. नातवाला पाढे येत नाहीत, पण पुढच्या सीटवर बसून तो ॲव्हरेज मोठ्याने वाचतो. 21.6, 21.6, 21.5. 21.5 म्हटलं की आप्पा पोरालाच रागावतात. स्टेपनी वजनाला जड म्हणून काढून पडवीत ठेवली. भूमच्या रस्त्याला पंक्चर झालं तेव्हा ती पडवीत सुखरूप होती. वहिनींचा डबा, पाण्याचा जार, दिवाळीचं सामान, सगळ्यावर जकात बसली. माहेरी जाताना वहिनी पिशवी भरू लागल्या की आप्पा दारात उभे: "काय न्यायचंय एवढं? तिकडं मिळत नाही का?" एकदा पुण्याचे पाहुणे खर्ड्याचा किल्ला बघायला आले. मे महिना, पारा चाळिशीच्या पुढे, गाडीत पाच जण. जामखेडपासून किल्ल्यापर्यंत एसी बंद, काचा बंद, आणि वजन नको म्हणून पाण्याच्या बाटल्या घरी. गळीत हंगाम कधीच संपलेला, म्हणजे ट्रॉलीही नाही. त्यामुळे आप्पा स्वतःच चाळीसने चाललेले. मागच्या सीटवरच्या मावशींनी आधी वर्तमानपत्राने वारा घेतला, मग पदराने घेतला, मग बोलणंच बंद केलं. 1795 च्या लढाईत याच किल्ल्यात कोंडलेली फौज पाण्यावाचून हैराण होऊन तहाला आली. पाहुण्यांनी मात्र किल्ला दिसायच्या आधीच तह केला. म्हणाले, "आप्पा, पेट्रोलचे पैसे आम्ही देतो, पण एसी लावा." आप्पांनी पैसे घेतले नाहीत. प्रश्न पैशांचा नव्हताच. पडद्यावर तेव्हा 21.9 होते.

आता खरी गंमत ऐका. शोरूमचा आकडा आप्पांच्या हातून कधीच गाठला जाणार नाही, आणि त्याचं कारण त्यांच्या पुढच्या ट्रॉलीतच भरलेलं आहे. 2030 साली गाठायचं ठरलेलं 20 टक्के इथेनॉलचं मिश्रण आपण 2025 मध्येच गाठलं. पाच वर्षं आधी! या देशात रस्ता पाच वर्षं आधी झाल्याचं कोणी ऐकलंय का? लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ताकद असते. पाचवा हिस्सा इथेनॉल म्हणजे प्रत्येक लिटरमागे सहा-सात टक्के ताकद जागीच गेली. त्यासाठी जुळवून घेतलेलं इंजिन असेल तर फटका थोडा कमी बसतो, जुनी दुचाकी असेल तर ती काय ते आपलं आपण बघते. आणि हे इथेनॉल होतं कशाचं? मक्याचं, तुकडा तांदळाचं, आणि उसाचं. विहिरीच्या कडेला आप्पांचाच दोन एकर ऊस आहे. म्हणजे आप्पा ऊस लावतात, तो ट्रॉलीत चढतो, आप्पा त्याच ट्रॉलीमागे हळूहळू जाऊन ॲव्हरेज वाढवतात, ऊस कारखान्यात जातो, त्याचं इथेनॉल होतं, ते पेट्रोलमध्ये मिसळून आप्पांच्या टाकीत येतं, आणि वाढवलेलं ॲव्हरेज पुन्हा खाली उतरतं. ज्याने चढवलं त्यानेच उतरवलं. उसाला भाव मिळावा म्हणून मिसळा, परकीय चलन वाचावं म्हणून मिसळा, आमची ना नाही. शेतकऱ्याच्या पोटावर पाय देऊन कोणाला स्वस्त पेट्रोल नकोय. पण लिटरमधली ताकद कमी झाली तर लिटरचा भाव कमी व्हायला नको का? दुधात पाणी घातलं तर फॅट मोजून भाव कापतात. डेअरीवर पहाटे उभा राहणारा माणूस तीन पॉइंट पाचच्या खाली फॅट लागला की पैसे कमी घेऊन मान खाली घालून परत येतो. मग पंपावर तोच माणूस पूर्ण भाव का मोजतो? साध्या पेट्रोलची वेगळी तोटी नाही, नको म्हणायची सोय नाही, पावतीवर टक्केवारी नाही. फॅट फक्त शेतकऱ्याचाच मोजायचा असतो काय?

हे आप्पांसमोर मांडलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ट्रॉली सोडून कशाच्या मागं जाऊ?"

अलीकडे आम्ही त्यांना हिशेबाला बसवलं. साध्या पेट्रोल गाडीपेक्षा हायब्रिडला तीन लाख जादा मोजलेत. साधी गाडी इकडच्या रस्त्यांवर पंधरा देते, आप्पांची ट्रॉली, घाम आणि पाहुण्यांचे शाप धरून एकवीस. वर्षाला दहा हजार किलोमीटर धरा. साधीला लागतील 667 लिटर, आप्पांना 476. वाचले 191 लिटर. लिटरला एकशे पाच धरले तर वीस हजार. तीन लाख भागिले वीस हजार: पंधरा वर्षं. व्याज धरलंच नाही, आप्पांच्या तब्येतीकडे बघून. बॅटरीचं नावही काढलं नाही. खासगी गाडीची नोंदणीही पंधराच वर्षांची असते. म्हणजे ज्या दिवशी गाडीचे पैसे फिटतील, त्या दिवशी कागद संपतील.

आप्पांनी कॅल्क्युलेटर हातात घेऊन तीनदा तेच गणित केलं. पॉइंटच्या पुढची दोन घरं धरून केलं. उत्तर बदललं नाही.

"मग आधीच विकून टाकू," शेवटी म्हणाले.

"घेणारा पहिला प्रश्न काय विचारील माहिती आहे ना?" आम्ही म्हटलं. "किती देती?"

"विचारू द्या की. ॲव्हरेजचं काय सांगायचं ते तेव्हाचं तेव्हा बघू." आप्पा चष्मा पुसत म्हणाले, "एसी मात्र अगदी नवाकोरा आहे म्हणून सांगीन."

आतून वहिनी म्हणाल्या, "ते मी सांगते."