मुहूर्त चुकलेल्या खिडक्या

डेस्कटॉप अनुप्रयोग म्हणजे ब्राउझरचा आधार न घेता संगणकावर स्वतःची खिडकी उघडून चालणारा प्रोग्रॅम. कॅल्क्युलेटर, नोटपॅड, किराणा दुकानातील बिलाचे सॉफ्टवेअर ही त्याची परिचित रूपे होत. या प्रांतात पाऊल टाकणारा नवशिका बहुधा काळ्या पडद्यावर अक्षरे छापणाऱ्या प्रोग्रॅमांचा अभ्यास उरकून आलेला असतो, आणि तेथे त्याला हुकमतीची सवय लागलेली असते, कारण तेथे प्रश्न प्रोग्रॅम विचारतो, माणूस निमूटपणे उत्तर टंकतो आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सारे काही लिहिलेल्या क्रमाने घडते. खिडकीच्या राज्यात हा क्रम मोडतो: येथे माणूस वाटेल तेव्हा वाटेल ते बटण दाबतो आणि प्रोग्रॅमला तोवर ताटकळत बसावे लागते. नवशिक्याच्या चुका तपासणारे शिक्षक सामान्यतः असे निदान करतात की, काय लिहावे हेच त्याला कळत नाही. परंतु बारकाईने पाहता असे दिसते की, काय लिहावे ते त्याने कोठून तरी उतरवून आणलेलेच असते, चुकतो तो फक्त मुहूर्त.

प्रस्तुत विवेचन पायथन या भाषेतील टीके-इंटर या साधनापुरते मर्यादित ठेवले आहे, कारण ते पायथनसोबत बहुधा फुकट येते आणि फुकट येणाऱ्या गोष्टीला अभ्यासक्रमात लवकर जागा मिळते. या साधनाची वंशावळ थोडी गुंतागुंतीची आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील जॉन आउस्टरहाउट यांनी १९८८ मध्ये टिकल नावाची एक छोटी भाषा रचली, पुढे तिच्या जोडीला खिडक्या आणि बटणे काढणारा टीके हा संच आला, आणि टीके-इंटर हा त्या संचाकडे पायथनने धाडलेला दुभाषा होय. परिणामी नवशिका पायथनमध्ये बोलतो, ऐकणारा टिकलमध्ये ऐकतो, आणि काही बिनसले की ज्या भाषेचे नावही नवशिक्याने ऐकलेले नाही त्या भाषेच्या नावाने त्रुटिसंदेश येतो. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत एके काळी हीच विद्या १९९८ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिक ६ च्या आधारे शिकवली जात असे. साधन बदलले तरी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचे ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’ हे शीर्षक मात्र बदललेले नाही, आणि त्यांपैकी एखादी प्रणाली प्रत्यक्ष ग्रंथालयात पोहोचल्याचे उदाहरण शोधू जाणाऱ्याने भरपूर सवड काढून निघावे.

पहिली तक्रार बहुतेकांची सारखीच असते: प्रोग्रॅम चालवला, खिडकी क्षणभर लुकलुकली आणि गेली. नवशिका अशा वेळी अँटिव्हायरसवर, विंडोजवर आणि शेजारच्या मित्राने दिलेल्या पेन ड्राइव्हवर क्रमाने संशय घेतो. वस्तुतः प्रोग्रॅमने सांगितलेले काम चोख बजावलेले असते; खिडकी उघड असे सांगितले होते, ती त्याने उघडली, पुढे ओळच नसल्यामुळे तो संपला आणि जाताना खिडकीही घेऊन गेला. खिडकी टिकायची तर शेवटी ‘मेनलूप’ची ओळ लिहावी लागते. मेनलूप हे एक न संपणारे चक्र असून क्लिक झाले का, कळ दाबली गेली का, खिडकी पुन्हा रंगवायला हवी का, अशा घटनांची रांग तपासत राहणे आणि एकेक घटना तिच्यासाठी नेमलेल्या फंक्शनकडे, म्हणजे नाव देऊन बांधलेल्या ओळींच्या गटाकडे, पाठवणे एवढेच त्याचे काम असते. जी ओळ वरवर पाहता काहीच करत नाही तिच्यावाचून बाकीच्या शंभर ओळी व्यर्थ जातात, हे पहिल्या दिवशी पचणे अवघड असते. पचले की नवशिका उत्साहाच्या भरात ती ओळ प्रोग्रॅमच्या मध्यावर लिहितो, आणि मग तिच्याखाली लिहिलेली बटणे खिडकी बंद होईपर्यंत उगवतच नाहीत.

दुसऱ्या तक्रारीचे मूळ दोन कंसांत आहे. बटणाला ‘दाबल्यावर हे कर’ असे सांगताना फंक्शनचे केवळ नाव द्यायचे असते. नावापुढे कंस लावले की त्याचा अर्थ ‘आत्ताच्या आत्ता कर’ असा होतो. नवशिक्याला कंसांशिवाय फंक्शन उघडेबोडके वाटते, म्हणून तो सद्भावनेने कंस लावतो. त्यामुळे ‘जतन करा’ हे बटण पडद्यावर येण्यापूर्वीच जतन उरकते, त्या फंक्शनकडून परत आलेले ‘नन’, म्हणजे ‘काहीही नाही’ हे मूल्य, बटणाच्या नावे नोंदले जाते, आणि त्यानंतर वापरणाऱ्याने ते बटण कितीही दाबले तरी ते इमानाने काहीही नाही एवढेच करते. हीच चूक घड्याळाच्या प्रोग्रॅममध्ये झाली तर तिला अधिक भव्य रूप प्राप्त होते. एक हजार मिलिसेकंदांनी पुन्हा बोलाव, असे सांगण्यासाठी ‘आफ्टर’ ही सोय आहे. तेथे कंस लागले की फंक्शन सेकंदभर न थांबता स्वतःलाच बोलावते, बोलावलेले पुन्हा स्वतःला बोलावते, आणि पायथनने अशा आत्मनिमंत्रणांवर घातलेली सुमारे एक हजारांची मर्यादा डोळ्याचे पाते लवण्याच्या आत ओलांडली जाऊन, ज्या घड्याळाने अजून एकही सेकंद मोजलेला नाही ते कोसळते.

येथपर्यंतचे दोष घाईचे झाले. उशिराचे दोष अधिक सूक्ष्म आहेत. कॅल्क्युलेटर करताना शून्य ते नऊ ही दहा बटणे एकेक करून लिहिण्याऐवजी लूप लावणे, म्हणजे तीच ओळ प्रोग्रॅमकडून दहा वेळा गिरवून घेणे, ही शहाणपणाची गोष्ट आहे, आणि नवशिक्याला या प्रवासात पहिल्यांदा शिक्षा होते ती शहाणपणाबद्दल. बटणांवर आकडे बरोबर उमटतात; परंतु कोणतेही बटण दाबले तरी नऊच येतो. याचे कारण असे की, प्रत्येक बटणाला जोडलेले ‘लॅम्डा’, म्हणजे नाव न ठेवलेले छोटे फंक्शन, आकडा स्वतःजवळ ठेवत नाही, तो कोठे पाहावा एवढेच लक्षात ठेवते, आणि पाहायची वेळ येते तेव्हा लूप कधीच संपून तेथे नऊ उरलेला असतो. आकडा त्याच क्षणी लॅम्डाच्या पदरात बांधण्यासाठी तो पूर्वनिर्धारित मूल्य म्हणून द्यावा लागतो. हा उपाय दिसायला इतका विचित्र आहे की बहुतेक विद्यार्थी तो समजून न घेता पाठ करतात, आणि तोंडी परीक्षेत नेमका तोच विचारला जातो.

चित्रांच्या बाबतीत मुहूर्ताचा प्रश्न अंत्यसंस्काराचा असतो. फंक्शनच्या आत चित्र उघडले, लेबलवर, म्हणजे मजकूर किंवा चित्र दाखवणाऱ्या घटकावर, चिकटवले, प्रोग्रॅम चालवला. खिडकीत चित्राच्या नेमक्या मापाची रिकामी जागा दिसते. ज्या वस्तूचे नाव कोणाच्याच ध्यानात उरलेले नाही ती वस्तू पायथन स्मृतीतून काढून टाकतो, आणि फंक्शन संपताच चित्राचे नाव धारण करणारे कोणी उरत नाही. लेबलला चित्राची ओळख टिकलच्या बाजूने असते आणि ती ओळख पायथन ग्राह्य धरत नाही. टीके मात्र चित्र गेल्यावरही त्याची जागा राखून ठेवतो. उपाय म्हणून चित्राचे नाव लेबलच्याच अंगावर कोठे तरी लिहून ठेवावे लागते, म्हणजे कोणी तरी त्याला ओळखते असा पुरावा तयार होतो.

सर्वांत जास्त शिव्या ज्या दोषाने ओढवून घेतल्या आहेत तो म्हणजे हँग होणे. नवशिक्याला ‘फाइल उतरवत आहे’ असे दाखवून थोडे थांबायचे असते, म्हणून तो बटणाच्या फंक्शनमध्ये दहा सेकंदांची ‘स्लीप’ लिहितो. झोप त्याला एका फंक्शनला द्यायची असते, पण घटनांची रांग तपासणारे चक्र आणि ते फंक्शन हे दोघेही एकाच धाग्यावर चालत असल्यामुळे सारे घरदार झोपते: खिडकी हलत नाही, बटण दाबलेलेच राहते, आणि ज्यासाठी हा खटाटोप केला तो ‘फाइल उतरवत आहे’ हा मजकूरही झोप संपल्यावरच, म्हणजे फाइल उतरून झाल्यावर, दिसतो. विंडोज पाच सेकंद वाट पाहते. तेवढ्यात खिडकीने एकाही संदेशाची दखल घेतली नाही, तर ती खिडकी दडवून त्याच जागी, त्याच मापाची, तशाच रूपाची दुसरी खिडकी उभी करते आणि तिच्या माथ्यावर प्रतिसाद नसल्याची पाटी लावते. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत दस्तऐवजांत या बदली खिडकीला सरळ भूत-खिडकी असेच म्हटले आहे, आणि त्याच ठिकाणी अशीही नोंद आहे की, दोष शोधण्यासाठी प्रोग्रॅम डीबगर या तपासणी-साधनाखाली चालवला असता हे भूत प्रकट होत नाही. मांत्रिकासमोर भूत शहाण्यासारखे वागते, ही गोष्ट खेड्यापाड्यांतील जाणकारांना नवी नाही. संगणकशास्त्राने ती लेखी मान्य केली एवढेच.

यावर कोणी तरी ‘थ्रेड वापर’ असा सल्ला देतो. थ्रेड म्हणजे त्याच प्रोग्रॅममधील कामाचा दुसरा धागा, आणि सल्ला चुकीचा नसतो. परंतु नवशिका दुसऱ्या धाग्यातून थेट खिडकीतील मजकूर बदलू लागतो, आणि मग प्रोग्रॅम कधी चालतो, कधी अडकतो, मित्राच्या लॅपटॉपवर चालतो, परीक्षकांसमोर अडकतो. खिडकीला हात लावण्याचा अधिकार मुख्य धाग्याचाच ठेवावा, दुसऱ्याने आपला निकाल एका रांगेत टाकावा, आणि मुख्य धाग्याने ‘आफ्टर’च्या साहाय्याने ती रांग अधूनमधून पाहावी, हा सुरक्षित मार्ग होय. तो कंटाळवाणा आहे, म्हणून सहसा दुसऱ्या प्रयत्नात स्वीकारला जातो.

रचनेच्या दोषांत फार वेळ घालवण्याचे कारण नाही. घटकांची मांडणी करणारे ‘पॅक’ आणि ‘ग्रिड’ हे दोन व्यवस्थापक एकाच चौकटीत नेमू नयेत, एवढे पाळले तरी पुरे. जुन्या आवृत्त्यांत हे दोघे एकमेकांची मांडणी अनंतकाळ मोडत बसत आणि प्रोग्रॅम गोठून जाई, नव्या आवृत्तीत टीके स्पष्ट शब्दांत नकार देतो. तसेच मजकूर भरण्याची चौकट निर्माण करून त्याच ओळीत तिला पॅक केले, तर नवशिक्याच्या हाती चौकट न राहता पॅकने परत दिलेले तेच ‘नन’ राहते, आणि पुढे त्यातून मजकूर मागितला की ‘नन’कडे असले काही नसते असे उत्तर येते.

आकड्यांच्या बाबतीत मराठी नवशिक्याचा अनुभव मात्र स्वतंत्र नोंदीस पात्र आहे. चौकटीतून आलेले सर्व काही अक्षरे असते, त्यामुळे दोन आणि तीन यांची बेरीज तेवीस येते. पूर्णांकात रूपांतर केले की ती पाच होते. या रूपांतराला देवनागरी अंक चालतात, इतकेच नव्हे तर एक अंक देवनागरी आणि दुसरा इंग्रजी असला तरी चालतो. न चालणारा आहे तो स्वल्पविराम, म्हणून ‘१२३’ निर्वेधपणे स्वीकारणारा पायथन ‘१२,०००’ समोर हात टेकतो. दशांशांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते, कारण दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत बहुधा नेमके मावत नाहीत. किराणा दुकानदाराला हे समजावून सांगण्यापेक्षा पैशांचा हिशेब पूर्णांकांत ठेवणे सोपे जाते. अक्षरांच्या मोजणीतही असाच गोंधळ होतो: ‘राष्ट्र’ या शब्दाची लांबी विचारली असता पायथन सात असे सांगतो, कारण काना आणि दोन्ही हलन्तचिन्हे तो वेगवेगळी मोजतो, म्हणून ‘नाव किमान पाच अक्षरी असावे’ अशी अट घालणाऱ्याने ती कोणाच्या मोजणीने, हे ठरवून घ्यावे. आणि विंडोजवर फाइल उघडताना यूटीएफ-८ या संकेतनाचा, म्हणजे अक्षरांना बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीचा, उल्लेख राहिला, तर अनेक संगणकांवर पश्चिम युरोपीय लिप्यांपुरते बनवलेले जुने संकेतन गृहीत धरले जाते, आणि ‘पुणे’ हा शब्द लिहिता येत नाही अशी तक्रार उमटते. पुणेकरांसाठी हा अनुभव विशेष धक्कादायक असतो.

निदानाची पद्धत विचारली तर ती सोपी आहे, पण तिच्यासाठी वाचनाची सवय लागते. पायथनचा त्रुटिसंदेश कितीही लांब असला तरी दोष काय हे त्याच्या सर्वांत खालच्या ओळीत लिहिलेले असते, आणि नवशिका नेमका सर्वांत वरची ओळ वाचून लॅपटॉप मिटतो. शिवाय बटणाच्या फंक्शनमध्ये त्रुटी आली तर टीके-इंटर खिडकी बंद करत नाही, संदेश मागच्या काळ्या पडद्यावर छापून पुढे चालू लागतो. काळा पडदा दिसू नये म्हणून तो आधीच लपवलेला असेल, तर बटण मुके झाले एवढेच दिसते.

शेवटी प्रत्येकाला एक सौजन्य सुचते: खिडकी बंद करताना ‘आपल्याला खरोखर बाहेर पडायचे आहे काय?’ असे विचारावे. त्यासाठी खिडकी बंद होण्याच्या घटनेला स्वतःचे फंक्शन जोडता येते, आणि ते जोडताना सवयीने त्याच्यापुढे कंस लागतात. मग प्रोग्रॅम सुरू करताच, काहीही दिसण्यापूर्वी, तो बाहेर पडायचे आहे काय असे विचारतो. ‘होय’ म्हटले तर खिडकी नष्ट होते आणि लगेच पुढच्या क्षणी ती नष्ट झाल्याबद्दल त्रुटिसंदेश येतो. ‘नाही’ म्हटले तर ती नीट उघडते, आणि पुढे कोपऱ्यातील फुलीवर क्लिक केले की काहीही न विचारता बंद होते.