आखवाले काका

वऱ्हाडात ट्रॅक्टर घ्यायचा तर माणूस बँकेला विचारतो, बायकोला विचारतो, क्वचित पंचांगालाही विचारतो. ट्रॉली घ्यायची तर मात्र काकांनाच विचारावं लागतं. हे काका दर्यापुरात आहेत, अकोटात आहेत, मूर्तिजापुरात तर दोन आहेत आणि त्या दोघांचं आपसात पटत नाही. खांद्यावर दुपट्टा, खिशात तंबाखूची पुडी आणि स्वतःच्या नावावर ना ट्रॅक्टर, ना ट्रॉली. ज्याच्याकडे ट्रॉली असते तो तिचे हप्ते फेडण्यात गुंतलेला. त्याला सल्ला द्यायला वेळ कुठला?

प्रश्न एकच असतो. दोनचाकी घ्यावी की चारचाकी? म्हणजे एक आख की दोन? डिसेंबरच्या शेवटी, पंजाबराव देशमुखांच्या जयंतीच्या सुमारास, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात प्रदर्शन भरतं. काका तिथे सकाळीच हजर. बियाणं, ठिबक, फवारणीचं ड्रोन, कशाकडे ढुंकून बघायचं नाही, थेट ट्रॉल्यांच्या मांडवात. तिथेही ट्रॉली वरून बघणारा माणूस त्यांच्या लेखी हौशी. रंग, फाळक्यावरची फुलं, मागे रंगवलेलं पोराचं नाव, हे सगळं बायकापोरांना दाखवायचं. काका दुपट्टा आवरून खाली शिरतात, आखावर बोटाने टिचकी मारतात आणि डोळे मिटून आवाज ऐकतात. काय ऐकू येतं ते कुणालाच माहीत नाही, पण विक्रेता तेवढा वेळ श्वास रोखून उभा राहतो.

"पयले सांग बाबू, ओढनार कोन हाये?"

हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि कबूल करायला हवं, तो योग्यच असतो. काकांची विद्या बंडीतून आलेली आहे. बंडीला आख एकच. त्या एका आखावर माल तोलून धरायचा, एवढीच धुरकऱ्याची कला. भार पुढे गेला की बंडी धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर बसते. मागे गेला की उलार होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. दोनचाकी ट्रॉलीत हाच हिशोब, फक्त जुवाच्या जागी ट्रॅक्टरचा हुक. थोडा भार हुकावर पडायलाच हवा, कारण त्यामुळेच ट्रॅक्टरची मागची चाकं काळ्या चिखलात पकड धरतात. फार पडला तर पुढची चाकं उचलतात आणि स्टेअरिंग नुसतं हातात धरायला उरतं. माल मागे भरला तर हुक ट्रॅक्टरचं बूड वर ओढतो आणि चाकं जागच्या जागी गरगरतात.

चारचाकी स्वतःच्या पायांवर उभी. ट्रॅक्टर सोडून नेला तरी तोंडावर पडत नाही, खाली दगड किंवा घोडी लावावी लागत नाही, माल जास्त बसतो. तिच्याबद्दल काकांना आदर आहे, माया नाही. जी हुकावर भार टाकत नाही ती चिखलात मदतही करत नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय तिचं पुढचं आख फिरतं. ट्रॅक्टरशी एक सांधा, स्वतःच्या पोटात आणखी एक. पुढे जाताना दोन्ही सांध्यांची युती असते. रिव्हर्स टाकला की दोघं वेगवेगळ्या पक्षांत जातात. हंगामात जिनिंगच्या आवारात कापसाच्या ढिगाशी चारचाकी उलटी लावणारा पोरगा बघावा. तो घामाघूम, मागची रांग हॉर्न वाजवते आहे, आणि काका (ते तिथे कशाला आलेले असतात, देव जाणे) दोन्ही हात हलवत 'येऊ दे, येऊ दे' करतात. त्यांचा 'बस' नेहमी धक्क्यानंतर येतो.

तिसरा पंथ जोडआखाचा. दोन आखं मध्यभागी जवळजवळ, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसरं वर असतं आणि एखादा टायर फुटला तर उरलेले तीन निभावून नेतात. अमरावती-अकोला रस्त्याची चाळण झालेली होती त्या वर्षांत काका या पंथाचे कट्टर प्रचारक होते. मग जून 2022 मध्ये त्याच रस्त्यावर 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत अंथरलं गेलं, गिनीज बुकात नोंद झाली, वऱ्हाडाची मान उंचावली. काकांचा मात्र मुख्य मुद्दाच रोलरखाली गेला. त्याबद्दल त्यांनी सरकारला अजून माफ केलेलं नाही. हल्ली ते जोडआखाचे दोष सांगतात: जागेवर वळवलं की चाकं फिरण्याऐवजी घासतात, वावरात तर उकरतच जातात, आणि टायर दोनाचे चार.

एवढं ऐकवून झालं की ते दुसरा प्रश्न विचारतात. पहिल्याइतका शास्त्रीय नाही, पण महत्त्वाचा तोच.

"तुया साडभावानं कोनती घेतली?"

साडभावाने दोनचाकी घेतली असेल तर हा चारचाकी घेणार. साडभावाची चारचाकी असेल तर हा चारचाकीच, पण एक फूट लांब. निर्णय घरी कधीच झालेला असतो. काका त्याला कारणं पुरवतात, आणि ती इतकी भक्कम असतात की घरी बायकोसमोर जशीच्या तशी टिकतात. ट्रॉली बिघडली तर दोष भरणाऱ्याचा, चालली तर सल्ला काकांचा.

अशा काकांना मागे थेट इंग्लंडातून व्हिडिओ कॉल आला. पुतण्या तिकडे नोकरीला आहे. तिकडची माणसं मोटारीमागे चाकांचं घर जोडून सुट्टीला जातात, त्याला कॅरव्हॅन म्हणतात. पोराला ती घ्यायची होती आणि अडलं होतं इथेच: एक आख की दोन?

"मोटार कोनती हाये?" काकांनी विचारलं.

पोराने अभ्यास केलेला होता. भरलेल्या कॅरव्हॅनचं वजन मोटारीच्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत ठेवावं, हुकावर साधारण 5 ते 7 टक्के भार यावा, आणि तो मोजायला तिकडे छोटं यंत्र मिळतं. काकांनी दुपट्टा सारखा केला. "आमी खांद्यानं मोजत होतो." दोन आखांची कॅरव्हॅन मोठी, वाऱ्यात कमी डोलते, पण ती हाताने ढकलून जागेवर लावता येत नाही आणि काही मुक्कामांच्या फाटकावर दोन आखांना प्रवेशच नसतो.

"आखं मोजून आत घेतेत?" काका उडालेच. तुकडोजी महाराजांच्या मोझरीला आजवर कुणी चाकं मोजलेली नव्हती.

मग त्यांनी सवयीने साडभावाचं विचारलं. साडभाऊ पुण्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, स्कूटरवाला. काकांचा चेहरा पडला. कारणं तयार होती, ती चिकटवायला निर्णयच नव्हता. आता खरोखर सल्ला द्यावा लागणार होता.

"फोटो दाखव," ते म्हणाले.

पोरगा विक्रेत्याच्या आवारातच उभा होता. त्याने फोन फिरवून पलंग दाखवला, शेगडी दाखवली, संडासही दाखवला. काका बघेनात.

"थे राहू दे. खाली वाक. आख दाखव."

तिकडे पाऊस चालू होता. पोरगा कोट घालून गुडघ्यांवर बसला, मग कोपरांवर आला, शेवटी पालथा होऊन कॅरव्हॅनखाली सरकला. गोऱ्या सेल्समनने आपली छत्री त्याच्या बाहेर राहिलेल्या पायांवर धरली.

"दिसलं काय काका?"

"अंधारं हाये. अजून आत सरक. अन् टिचकी मार."