हयातीचा दाखला

पन्नाशी ओलांडलेल्या अमेरिकनांची काळजी वाहणारी एएआरपी नावाची एक अवाढव्य संघटना आहे. पेन्शन, औषधांच्या किमती, म्हातारपणीचा विमा हे तिचे जिव्हाळ्याचे विषय. २०२४ साली ‘रोलिंग स्टोन्स’ हे इंग्लंडचे रॉकवाले अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा त्या दौऱ्याचं प्रायोजकत्व या संघटनेने घेतलं. ज्यांचं नाव निघालं की साठ वर्षांपूर्वी इंग्लंडमधले बाप मुलींना घरात बोलवायचे, त्यांच्या पोस्टरवर आता ज्येष्ठ नागरिक संघाचा शिक्का. मला हे वाचून हसू आलं. माझ्या मामेभावाला आलं नाही, कारण तो त्या संघटनेचा सभासद आहे.

दादा सत्तरीचा, न्यू जर्सीत एडिसनला राहतो. गिरगावात असताना पहिल्या पगारातून त्याने काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाऊस’मधून स्टोन्सची तबकडी आणली होती आणि ती वाजवायला घरात ग्रामोफोन नव्हता. पुढे २००३च्या एप्रिलमध्ये स्टोन्स खुद्द मुंबईत ब्रेबॉर्नवर येऊन वाजवून गेले. ज्या माणसाने उभी जवानी चर्चगेटला उतरण्यात घालवली, त्याचं दैवत चर्चगेटच्या हाकेवर आलं तेव्हा हा एडिसनमध्ये घरापुढची हिरवळ कापत होता. त्यामुळे २३ मेचं मेटलाइफ स्टेडियमचं तिकीट त्याने काढलं, तेही दोन, दुसरं माझ्यासाठी. तिकिटाचा आकडा त्याने वहिनींना डॉलरमध्ये सांगितला नाही आणि मला रुपयांत सांगितला नाही.

या स्टेडियममध्ये आत न्यायची पिशवी पारदर्शक असावी लागते. आपल्या खिशात काय आहे हे लपवणं हा रॉक संगीताच्या श्रोत्यांचा एके काळी मूलभूत हक्क होता. आता सगळ्यांचं सगळं दिसत होतं आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. रक्तदाबाच्या गोळ्या, चष्म्याचं दुसरं घर, गुडघ्याचा पट्टा, कानात घालायचे बोळे. दादाच्या पिशवीत वहिनींनी कोंबलेला स्वेटर होता, आणि त्याखाली भाकरवडीचा पुडा. ती भाकरवडी आम्ही एडिसन ते सिकॉकस या टप्प्यातच संपवली.

सिकॉकसला गाडी बदलून स्टेडियमकडे जाणाऱ्या गाडीत बसलो तर सगळा डबा पांढऱ्या केसांचा. ज्यांना केस नव्हते त्यांनी टोप्या घातल्या होत्या. आणि प्रत्येकाच्या छातीवर स्टोन्सचं बोधचिन्ह असलेली ती प्रसिद्ध लाल जीभ. समोर हॉलंडहून आलेलं एक जोडपं होतं. बाईंनी सांगितलं की त्या तरुणपणापासून स्टोन्सच्या मागे गावोगाव हिंडतात. नवऱ्याला हे संगीत फारसं आवडत नाही, तो सामान धरायला येतो. हे त्यांनी त्याच्यादेखत सांगितलं आणि त्याने मान डोलावली. दादाने मग त्यांना जिभेचा इतिहास ऐकवला. ती १९७० साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकणाऱ्या जॉन पॅश या मुलाने काढली. स्टोन्सचा गायक मिक जॅगर याने त्याला कालीमातेचं चित्र दाखवलं होतं, त्यावरून. मुलाला ५० पौंड मिळाले. मूळ चित्र पुढे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने विकत घेतलं. “म्हणजे जीभ आमची,” दादाने समारोप केला. हॉलंडच्या बाईंनी आपल्या छातीकडे नव्या आदराने पाहिलं.

आत ८० हजारांवर माणसं मावतात. आमच्या जागा इतक्या वर होत्या की रंगमंचापेक्षा विमानं जवळ वाटत होती. सरकत्या जिन्यापाशी रांग आणि साध्या जिन्यावर शुकशुकाट, यावरून श्रोत्यांचं सरासरी वय काढता आलं असतं. आणखी एक गोष्ट मी उभ्या जन्मात प्रथमच पाहिली. पुरुषांच्या स्वच्छतागृहाबाहेरची रांग बायकांच्या रांगेपेक्षा लांब होती, आणि ती पुढे सरकतच नव्हती. सत्तरीतल्या पुरुषांना या विधानाचं स्पष्टीकरण लागणार नाही.

मग दिवे गेले, गिटार कडाडली आणि मिक जॅगर पळत आला. चालत नव्हे, पळत. वय वर्षं ८०, दोन महिन्यांनी ८१. २०१९ साली त्याच्या हृदयाच्या झडपेवर उपचार झाले, तेवढ्यापुरता दौरा पुढे गेला, आणि त्याच उन्हाळ्यात गडी पुन्हा मंचावर. त्याचे वडील शाळेत व्यायामशिक्षक होते हे कळल्यावर बराच उलगडा होतो. आपल्यापैकी कित्येकांना पी. टी.चे मास्तर लाभले, पण घरी लाभले नाहीत. हाच मुलगा पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होता. शिक्षण त्याने सोडलं. हिशोब मात्र सोडला नसावा, हे टी-शर्टच्या किमती पाहून कळत होतं.

गिटारवाल्या कीथ रिचर्ड्‌सची गोष्ट वेगळी. त्याच्या व्यसनांच्या कथा इतक्या आहेत की तो जिवंत असणं हाच वैद्यकशास्त्राचा पराभव मानतात. पण त्याला आडवं केलं ते वेगळ्याच गोष्टींनी. १९९८ साली तो घरच्या ग्रंथसंग्रहालयातल्या शिडीवरून पडला आणि बरगड्या दुखावल्याने युरोपचे कार्यक्रम पुढे गेले. २००६ साली फिजी बेटांवर झाडावरून पडला, तेव्हा न्यूझीलंडला नेऊन डोक्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. पुस्तकं आणि निसर्ग यांपासून तरुणांना जपलं पाहिजे असं दादाचं मत पडलं. दुसरा गिटारवाला रॉनी वूड त्यांच्यात लहान, तेव्हा अवघा ७६. तिघांची बेरीज २३६. ड्रमवर पूर्वी चार्ली वॉट्स असायचा. १९६३ पासून तो शांत चेहऱ्याने या दंगेखोरांना ताल पुरवत होता. २०२१ साली तो गेला. त्याच्या जागी स्टीव्ह जॉर्डन हा साठी उलटलेला पोरगा आहे. बेस वाजवणारा डॅरिल जोन्स तर तीस वर्षं त्यांच्याबरोबर आहे, तरी अजून बँडचा अधिकृत सभासद नाही.

मध्यावर मिक विसाव्याला जातो आणि कीथ स्वतः एखाद-दोन गाणी म्हणतो. जुने श्रोते या वेळी उठतात. कीथवर राग नसतो, प्रश्न मघाच्या रांगेचा असतो. आमची अख्खी ओळ शिस्तीत उठली. दादा मात्र जागचा हलला नाही. “एका संधिवाताच्या माणसाने दुसऱ्याचं ऐकायला नको?” म्हणाला. कीथच्या बोटांना संधिवात आहे हे जगजाहीर आहे.

‘सॅटिस्फॅक्शन’ आपण पंचेचाळिशीत गात असू तर त्यापेक्षा मेलेलं बरं, अशा अर्थाचं मिक तरुणपणी बोलून गेला होता. ते गाणं त्याने त्या रात्री शेवटी म्हटलं, पूर्ण जोमात. यावर कोणी त्याला टोमणा मारत नाही. दुसऱ्या बँडांची तऱ्हा पाहा. ‘द हू’ने १९८२ साली निरोपाचा दौरा केला आणि त्यानंतर ते पुन्हा पुन्हा येत राहिले. ‘किस’ने तर दोनदा निरोप घेतला. ‘शेवटचे ५ प्रयोग’ ही जाहिरात वर्षभर वाचणाऱ्या मराठी माणसाला त्याचं काही वाटणार नाही. स्टोन्सनी मात्र दौऱ्याला कधी निरोपाचं नाव दिलं नाही. ते फक्त येतात.

आणि लोक का येतात, हे मला वर बसल्या बसल्या कळलं असं वाटतं. आपल्याकडे पेन्शनर दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला जातात. साहेब बघतो, माणूस समोर आहे, सही करतो. इथे ८० हजार माणसं मिकचा दाखला तपासायला आली होती. तो मंचाच्या पुढच्या लांब पट्टीवरून धावत टोकापर्यंत आला की गर्दी ओरडायची, म्हणजे सही व्हायची. पण तपासणी दोन्हीकडून चालू असावी. मिक हात कानाला लावून आवाज मागायचा आणि हे सगळे छातीतला उरलासुरला दम काढून तो द्यायचे. दादा दोन तास उभा होता. ज्या गुडघ्यामुळे तो घरात दूध आणायला खालच्या मजल्यावर जात नाही, त्याच गुडघ्यावर. मी आठवण करून दिली तर माझ्यावर खेकसला, “अरे, तो ऐंशीचा आहे! ऐंशीचा! आणि डॉक्टर मला जिना चढू नका म्हणतो.”

परतीच्या फलाटावर मुंगीला शिरायला वाव नव्हता. दादाने आल्या आल्या दौऱ्याचा टी-शर्ट घेऊन सदऱ्यावरच चढवला होता. गाडीत हॉलंडचं जोडपं पुन्हा भेटलं. बाईंचा आवाज पूर्ण बसला होता. नवऱ्याकडे आता तीन पिशव्या होत्या. “रविवारी येताय ना?” त्यांनी खुणेनेच विचारलं. २६ तारखेला तिथेच दुसरा कार्यक्रम होता.

दादा बराच वेळ गप्प बसला. मग मला म्हणाला, “तुझ्या वहिनीला सांगू, आजचं रद्द झालं. रविवारी आहे म्हणून.”

“आणि अंगातला हा शर्ट?”

दादाने डब्यातल्या सगळ्यांसमोर शर्ट काढला आणि उलटा करून घातला.