चेहरा भाजून नवा करण्याची सोपी रीत: म्हैसूरकर नवशिक्यांसाठी

सर्वप्रथम निवडणुकीची वाट पाहावी. लेझरने कातडी नवी करणं म्हणजे काय, हे फुकटात समजून घ्यायची सोय म्हैसूरइतकी कुठे नाही. मतदानाची न पुसणारी शाई १९६२च्या निवडणुकीपासून इथल्याच म्हैसूर पेंट्स अँड वार्निश या सरकारी कंपनीत बनते. तिच्यातलं सिल्व्हर नायट्रेट कातडीच्या वरच्या थराला धरून बसतं. साबण, लिंबू, घासणी, कशालाच दाद देत नाही. तो थर झडून खालून नवा आला की शाई जाते. हे काम शरीर बिनबोभाट आणि बिनपैशाने करतं. लेझर तेच काही मिनिटांत, पैसे घेऊन आणि भाजून करतो.

भाजतो कसा, तेही ऐकून ठेवा. कार्बन डायऑक्साइड लेझरचा किरण १०,६०० नॅनोमीटरचा. पाणी तो अधाशासारखं शोषतं, आणि कातडीत पाणी भरपूर. त्याची क्षणात वाफ होते, वरचा थर उडतो, आणि खाली बसलेल्या चटक्याने नवं कोलॅजन तयार व्हायला लागतं. हा लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी बनवला. जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. बिल भरताना बारामतीचा विषय काढून पाहायला हरकत नाही. सूट मिळत नाही.

आता डॉक्टर. ‘लेझर’ अशी पाटी लावलेल्या प्रत्येक ठिकाणी तो असतोच असं नाही, तेव्हा खुर्चीत बसण्याआधी मशीन कोण हातात धरणार एवढं विचारावं. खरा त्वचारोगतज्ज्ञ उलट तुम्हालाच विचारतो: मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या का, ओठांच्या कडेला फोड उठतात का, जखमेचा वण फुगून येतो का. नवशिक्या तिन्हींना ‘नाही’ म्हणून मोकळा होतो, कारण पुतणीचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं असतं.

पुढचा प्रश्न रंगाचा, आणि आपलं सगळं घोडं इथेच अडतं. हार्वर्डच्या टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली कातडीचे प्रकार ठरवले, तेव्हा त्यात फक्त गोऱ्यांची मोजदाद होती. तपकिरी आणि काळ्या कातडीची सोय नंतर लागली. गोरी कातडी भाजली की बहुधा लाल होते. आपली पुढे काळवंडतेही. मुरुमाचा खड्डा भरतो, त्यावर डाग बसतो आणि महिनोन्महिने हलत नाही. २००४ साली आलेल्या फ्रॅक्शनल पद्धतीत किरण चाळणीसारखी बारीक भोकं पाडतो, मधली कातडी शाबूत राहते आणि तिथूनच जखम लवकर भरते. सावळ्या चेहऱ्याला त्यातल्या त्यात हीच बरी. तरीही आधी कानामागे छोट्याशा तुकड्यावर करून बघायला सांगा. ‘त्याची काही गरज नाही’ असं हसून सांगणारा डॉक्टर असेल, तर डॉक्टर बदला.

चेहऱ्यावर खपल्या धरल्या की नातेवाईक येतात. कुणी देवराज मार्केटातली हळद आणतं, कुणी चंदन उगाळायला बसतं. म्हैसुरात चंदनाला नाही म्हणणं जवळजवळ राजद्रोहच; तरी म्हणावं. ओल्या जखमेवर डॉक्टरांनी दिलेलं मलम लावायचं, बस. पुष्कळदा साधी पेट्रोलियम जेलीही पुरते. खपली नखाने काढायची नाही, टीव्ही बघता बघतासुद्धा नाही.

राहिलं ऊन. विजयादशमीला जंबुसवारी निघते, हत्तीच्या पाठीवर साडेसातशे किलोची सोन्याची अंबारी, राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत. आणि जागा धरायला लोक कितीतरी आधीपासून रस्त्याकडेला ठाण मांडतात. ताजा भाजलेला चेहरा घेऊन त्यांच्यात जाऊन बसा, म्हणजे मघाचा काळा डाग हमखास मिळवायची सोय होते. दसऱ्यात मिरवायचंच असेल तर निदान सहा महिने आधी डॉक्टरांना गाठा. मुरुमांच्या खड्ड्यांना एका बैठकीत गुण येत नाही, ते पूर्ण कधीच जात नाहीत, आणि दोन बैठकांमध्ये महिना-दीड महिना सोडावा लागतो. तेवढा धीर नसेल तर यंदा सनस्क्रीन लावा, छत्री घ्या आणि आहे त्या चेहऱ्याने हत्ती बघा.