आकडा

आमची प्रीमियर पद्मिनी १९७८ ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली, नंबर लावून मिळालेली. पाटी पद्मिनीची असली तरी आमच्या घरात ती कायम फियाटच. गिअर स्टिअरिंगला, आणि रेडिओचा एकुलता एक स्पीकर मागच्या काचेखालच्या फळीत. ही जागा बाबांनी निवडली. कागदी कोनाचा स्पीकर काचेखालच्या उन्हात बसवणं म्हणजे गच्चीवर पापड वाळत घालून गावाला जाणं. काही वर्षांनी त्याचा खरोखरच पापड झाला.

रेडिओ फक्त मीडियम वेव्हचा. सुई गंजून ७९२ किलोहर्ट्‌झवर, म्हणजे पुणे केंद्रावर, अशी बसली आहे की हलत नाही. त्यामुळे काय ऐकायचं यावरून आमच्या गाडीत कधी वाद झाला नाही. काय ऐकलं यावरून मात्र होत असे. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्यांत खडकवासला दर पावसाळ्यात खर्र टक्के भरायचं.

ही खर्र रेडिओ बंद असतानाही खड्ड्याखड्ड्याला यायची. गॅरेजवाल्याने आधी मागच्या पाट्यांचे बुश बदलले, मग शॉकॲब्सॉर्बर. नंतर बिल हातात ठेवत म्हणाला, “साहेब, या वयात थोडं बोलणारच.” त्याने हे गाडीकडे बघून म्हटलं, असं मी धरून चालतो.

शेवटी एका रविवारी मी स्वतः डिकीत शिरलो. तळमजल्यावरचे काका माझे बाहेर राहिलेले पाय बराच वेळ बघत होते. “अडकलात का?” त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर जरा निराश होऊन गेले. स्पीकरच्या चार स्क्रूंपैकी दोन नव्हतेच. उरलेल्या दोघांनी गंजाच्या जोरावर संसार रेटला होता. स्पीकर निघाला. कोनाला बोटभर भेग, आणि मधल्या टोपीला आतल्या मॅग्नेटने घट्ट धरून ठेवलेला, केसांत खोचायचा एक काळा आकडा. जाळीतून पडला असणार. खर्रचं निम्मं श्रेय त्याचं.

“माझा कॉलेजपासून बॉबकट आहे,” बायको म्हणाली. अगदी हळू आवाजात. त्यापेक्षा खर्र बरी.

तेवढ्यात आतून आई आली. चौऱ्याऐंशी वर्षं वय, पण नजर अशी की डाळीतला खडा उडी मारून बाहेर येतो. “अगंबाई, हा तर माझा! पंढरपूरला जाताना हरवला होता. तुझ्या बाबांना गाडी थांबवा म्हटलं, तर थांबवली नाही.” तिने पदराने आकडा पुसला आणि अंबाड्यात खोचून टाकला. मी स्पीकर पिशवीत घालून तापकीर गल्ली गाठली.

दुकानदाराने आधी तीनशे वॅटचा स्पीकर पुढे केला. खोक्यावर ज्वाळा छापलेल्या.

“रेडिओ केवढा आहे?”

“जुना. चार-पाच वॅटचा असेल.”

त्याने ज्वाळा परत कपाटात ठेवल्या. असल्या स्पीकरचा कोन जड आणि कडा ताठ. ते हलवायला ताकद लागते, आपल्या रेडिओने तो हलला तरी आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटेल, हे त्याने समजावून सांगितलं. गिऱ्हाइकाला महागडी वस्तू घेऊ नका म्हणणारा दुकानदार तिथे भेटला, हे कुणाला सांगून पटत नाही. मग त्याने आमच्या पापडाला मीटर लावला. तीन पूर्णांक चार.

“म्हणजे चार ओहम,” तो म्हणाला. मीटरवर नेहमी थोडं कमीच दिसतं म्हणे. वरचं पदरचं घालून मला पुण्यात प्रथमच कुणी काही दिलं. त्याहून कमी ओहमचा लावला तर रेडिओ जळेल, अशी तंबीही दिली. मग पोऱ्या माळ्यावर चढला आणि धुळीसकट एक कागदी कोनाचा स्पीकर घेऊन उतरला.

घरी येऊन मी दीड व्होल्टचा सेल लावून कोन बाहेर येतो की आत जातो, हे बघत अर्धा तास घालवला. प्लस कुठला, मायनस कुठला, चुकलं तर काय? दुकानदाराला फोन केला. “स्पीकर किती?” “एक.” “मग कसाही लावा.” फोन बंद. एकाला दुसऱ्याशी जुळवून घ्यायचंच नसेल, तर उलटसुलट काही नसतं. बायकोने हे शांतपणे ऐकून घेतलं.

चारही स्क्रू नवे लावले. दुसऱ्या दिवशी आईला मागे बसवून सात वाजताच निघालो. रेडिओ गरम व्हायला नव्हे, गाडी सुरू व्हायला वेळ लागतो. बातम्या लागल्या आणि धरणात किती पाणी आहे, ते आम्हाला पहिल्यांदा आकड्यासकट कळलं. मी अभिमानाने आरशात बघितलं. आई लक्ष देऊन ऐकत होती.

“हा नवीन दिसतोय,” ती म्हणाली. “बरं केलं बदलला. आधीचा बिचारा बारा महिने सर्दीतच वाचायचा.”